मामांचा पक्का मांडव

समुद्राकडे पाठ करून शेकडो मैल आत आल्यावरही समुद्राशी भांडण चालू ठेवणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमचं बल्लारपूर ते केवढं! एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी, उरलेल्या दोन्ही अंगांना जंगल. इथल्या माणसाने समुद्र पाहिला असेल तर तो शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात, तोही उन्हाने फिका पडलेला. पण मामांनी या गावात पाऊल ठेवलं ते अशा थाटात, की जणू भरतीची वेळ झाली आहे आणि लाटा माणिकगडच्या डोंगरामागे दबा धरून बसल्या आहेत. स्टेशनावर उतरल्याबरोबर त्यांनी बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं, डोळे बारीक केले आणि मला म्हणाले, "जावईबापू, वारा नैर्ऋत्येचा आहे. जपून राहायला हवं." मी त्यांची ट्रंक उचलायला गेलो तर ती उचलेना. आत दोन धोतरं, एक आरसा आणि बाकी सगळे लोखंडाचे पाने, छिन्न्या आणि हातोड्या होत्या.

मामा मूळचे नागपूरकडचे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरात कुणाशी तरी वाजलं आणि ते जे निघाले ते थेट कोकणात एका बंदरावर जाऊन थांबले. तिथे एका शेड बांधणाऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली लागले आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांनी मिठासाठी, सुक्या मासळीसाठी, बोटीतून उतरणाऱ्या मालासाठी लोखंडी खांबांच्या आणि टिनाच्या छपरांच्या शेडी उभ्या केल्या. लग्न केलं नाही. "शेड अर्धी असताना बोलणी यायची," असं ते सांगत, आणि त्यांची एक शेड नेहमीच अर्धी असायची. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि बल्लारपूरच्या पुढे गोंडपिपरीच्या रस्त्याला एका कंपनीने कौलांचा आणि चिनीमातीच्या नळ्यांचा कारखाना काढायचं ठरवलं होतं. मी तिथे हजेरीबाबू होतो. कौलांच्या कारखान्यावर छप्पर मात्र टिनाचं घालायचं होतं, आणि ते घालणारा जाणता माणूस मिळत नव्हता. मी साहेबांपुढे मामांचं नाव काढलं. एवढाच माझा गुन्हा, पण तो मला पुढे पुष्कळ भोवला.

खारा वारा लोखंडाला कसा खातो हे मामांच्या तोंडून ऐकावं. "वरून काही दिसत नाही हो. वरून खांब नवरदेवासारखा उभा. आत मात्र पोखरलेला. एक दिवस टेकलात की गेलात." म्हणून ते प्रत्येक खांबाला तीन हात तांबडा रंग द्यायला लावत, प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर डांबराचा टिळा लावत, आणि जिथे दुनिया एक बोल्ट घालते तिथे दोन घालत. एवढ्यानेही त्यांचं समाधान होत नसे. नट आवळून झाला की बोल्टचं बाहेर आलेलं टोक ते हातोडीने ठोकून ठोकून चपटं करत, म्हणजे वाऱ्याच्या थरथरीने नट सैल होऊ नये. तो मग वाऱ्याने सैल होत नसे हे खरं, पण माणसाच्या हातानेही होत नसे. आणि रोज सकाळी कामावर आले की ते पहिल्या खांबाला जीभ लावत. होय, जीभ. मीठ आलं का ते बघायला. पहिल्या दिवशी डोमाभाऊ, म्हणजे खांब उभे करणाऱ्या गड्यांचा म्होरक्या, हे पाहून जागच्या जागी थिजला. "मामाजी, तुमी खांब काऊन चाटून राह्यले जी?" त्याने विचारलं. मी त्यांना मामा म्हणायचो म्हणून साऱ्या साइटवर ते पहिल्या तासाभरातच मामाजी झाले होते. मामा शांतपणे म्हणाले, "अजून गोड आहे. पण गाफील राहू नका." डोमाभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीच्या वहीत डोकं घातलं.

साहेब मद्रासकडचे इंजिनिअर, शिकलेले, अबोल. त्यांनी एकदा नकाशा पसरून मामांना समजावलं की बाबा रे, या भागात समुद्री वादळ येत नाही, तेव्हा हे तिरपे आधार निम्मे कमी करता येतील. मामांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला, समुद्राच्या निळ्या पट्टीपासून बल्लारपूरपर्यंत वितीने अंतर मोजलं आणि म्हणाले, "साहेब, आलं नाही म्हणजे येत नाही असं थोडंच? त्याला अजून पत्ता मिळाला नसेल." साहेबांनी चष्मा काढून पुसला. आधार एकही कमी झाला नाही. मात्र पहिल्या पावसाळ्यात सगळ्या गावातली छपरं गळत असताना आमच्या शेडीत थेंब आला नाही, तेव्हापासून साहेबांनी नकाशा पसरणं सोडलं.

मामांना दुसऱ्याने बांधलेल्या छपराखाली चैन पडत नसे. आमच्या घरी जेवायला आले की पाट सोडून उंबऱ्याजवळ बसत आणि घास घेता घेता वर बघत. एकदा हिने त्यांच्यासाठी मुद्दाम नदीतली कोळंबी, आमच्याकडचे झिंगे, आणवले होते. मामांनी पहिला घास घेतला, वर पाहिलं, आणि म्हणाले, "तुमचा मधला वासा बोटभर खाली आलाय." मी म्हटलं, "आला असेल, तुम्ही जेवा." जेवतात कुठले! भात निवला, झिंगे निवले, मामा वर चढले आणि मी खाली शिडी धरून उभा. छपराची कवेलू सरकवून, वाशाखाली टेकू देऊन तासाभराने खाली आले तेव्हा त्यांच्या मिशीवर जळमटं होती आणि चेहऱ्यावर समाधान. मग थंड झिंगे खाऊन म्हणाले, "चव बरी आहे, पण मीठ तुम्ही घातलंय, समुद्राने नाही." आमच्या हिने दोन दिवस अबोला धरला. आठवड्याच्या बाजारातही तेच. भाजी घ्यायला पाठवावं तर हे भाजीवालीच्या डोक्यावरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या सोडून नव्याने ताणून बांधत बसायचे. भाजीवाल्या त्यांना बोलावून बोलावून नेत. घरी येताना पिशवी रिकामी, आणि आपण कशाला गेलो होतो याचा पत्ता नाही. एका बाजारात त्यांनी नऊ दुकानं ताणली आणि घरी आम्ही चटणीभाकर खाल्ली.

आता मामांची बाजू राखायची तर हेही सांगायला हवं, की समुद्र शेवटी आला. निदान मामांच्या मते आला. भट्टी पेटली, धुराडं सुरू झालं, आणि पाच-सहा महिन्यांत भट्टीच्या बाजूच्या, मामा येण्याआधी दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या छपराच्या टिनांवर तांबूस पुरळ उठला. कोळशाच्या धुराला दवाचं पाणी मिळालं की तो टिनाला खातो हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! मामांनी सकाळी टिनाला जीभ लावली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला भाऊ भेटला. पण लगेच कपाळाला आठी पडली. "खारट नाही हो," ते पुटपुटले, "काहीतरी वेगळंच आहे." सगळे गडी हसत होते. तेवढ्यात डोमाभाऊची पोरगी पारबता बापासाठी भाकर घेऊन आली होती, ती पुढे झाली. सतरा-अठरा वर्षांची, सडसडीत, धिटुकली पोरगी. तिने टिनाला बोट लावून जिभेवर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "आंबट लागून राह्यलं जी मामाजी. कच्च्या चिचेवानी." मामा तिच्याकडे बघतच राहिले. पंचवीस वर्षांत त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून चाखून पाहणारं ते पहिलंच माणूस होतं. "बरोबर," ते म्हणाले, "समुद्रच आहे. फक्त आंबट आहे." आणि त्यांनी साहेबांना जाऊन कळवलं की आपल्याकडे आंबट समुद्र आला आहे, तरी आणखी एक हात रंग लागेल. साहेबांनी मुकाट्याने रंग मागवला, कारण टिनं खरोखरच सडत होती आणि मामांची मात्र एकही सडत नव्हती.

तेव्हापासून पारबता मामांची लाडकी झाली. ती भाकर घेऊन आली की मामा तिला ओळंबा धरायला देत, खांब सरळ आहे का विचारत, आणि ती एक डोळा मिटून "अंमळ नदीकडे झुकला जी" असं सांगायची तेव्हा खांब खरोखर तेवढा झुकलेला असायचा. बायकामाणसाला बांधकामातलं काय कळतं असं एकदा कुणी गडी बोलला तर मामांनी त्याला दिवसभर वॉशर मोजायला बसवलं.

पुढच्या चैत्रात पारबताचं लग्न ठरलं, गोंडपिपरीजवळच्या एका गावी. डोमाभाऊ टोपी हातात घेऊन मामांकडे आला. मी तिथेच होतो. म्हणाला, "मामाजी, पोरीले मामा नाई. तिच्या मायले भाऊच नाई. लग्नात तिच्या पाठीशी कोन उभा राहीन? तुमी सगळ्याईचे मामा, मंग तिचेबी व्हा." मामा हातातला पाना उगाच पुसत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "मांडव मी घालीन." डोमाभाऊ म्हणाला, मांडो तं गावची पोरं घालतेत जी, चार बल्ल्या अन् जांभळीच्या डहाळ्या, काय लागते त्याले. मामांनी ते ऐकलंच नाही. ते मनात खांब मोजायला लागले होते. खरं सांगतो, मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, मांडवच तो, त्यात काय करून करून करतील?

काय केलं ते ऐका. डोमाभाऊच्या अंगणात सागाच्या बारा बल्ल्यांसाठी, म्हणजे लाकडी खांबांसाठी, बारा खड्डे खणले, कंबरभर खोल. प्रत्येकात दगड, चुना आणि कारखान्यातल्या नळ्यांचा चुरा ठासून भरला. वर आडव्या बल्ल्या, आडव्यांना तिरपे आधार, प्रत्येक सांध्याला लोखंडी पट्टी, पट्टीला दोन बोल्ट, बोल्टावर नट, आणि नटावर ठोकून ठोकून चपटं केलेलं टोक. डोक्यावर डांबर. मग त्यावर जांभळीच्या हिरव्यागार डहाळ्या पसरल्या आणि सगळं लोखंड झाकून टाकलं. खालून पाहावं तर चार गावच्या मांडवांसारखाच एक मांडव. आत मात्र मालगाडी उभी करता आली असती. डोमाभाऊने एका बल्लीला खांदा लावून पाहिला आणि मला हळूच म्हणाला, "बाबू, थोडा जास्तच नाई झाला का जी?" मी म्हटलं, लग्न एकदाच होतं, असू दे.

आणि हळदीच्या दिवशी दुपारी वावटळ उठली. आमच्याकडे चैत्रात उठते कधी कधी, पण ही निराळीच होती. नदीकडून तांबडी भिंत चालत यावी तशी धूळ आली. शेजारच्या घरासमोरची ताडपत्री उडून बाभळीवर जाऊन बसली, भटजींचं उपरणं गेलं, परातीतली हळद निम्म्या गावाला लागली, बाया पोरांना पोटाशी धरून घरात पळाल्या. मामा मात्र मांडवाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे. धोतर फडफडतंय, डोळ्यांत माती चाललीय, आणि हा माणूस लहान पोरासारखा हसतोय. आयुष्यभर ज्याची तयारी केली ते अखेर त्यांना भेटायला आलं होतं. धूळ खाली बसली तेव्हा मांडवाची एक डहाळी पडली होती, बाकी सगळं जागच्या जागी. गावकरी एकेक करून आले, बल्ल्यांना हात लावून गेले. म्हातारे म्हणाले, असा मांडो पाह्यला नाई बाप्पा. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मामा कोरं धोतर नेसून पारबताच्या पाठीशी उभे राहिले, आणि अंतरपाट धरलेला असतानासुद्धा त्यांची नजर मधूनच वर जात होती. पंगतीत त्यांना इतक्या जणांनी आग्रह केला की संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर नुसते पडून होते. मी त्यांना इतकं खूश पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

घोटाळा झाला तो पाचव्या दिवशी. डोमाभाऊकडची रीत अशी, की लग्नानंतर पोरगी सासरी जाते, पाचव्या दिवशी नवऱ्यासह माहेरी येते, तिच्या डोळ्यांदेखत मांडव उतरवतात, शेवटची मेढ तिच्या मामाने उपटायची, आणि मग ती कायमची नांदायला जाते. मांडव उभा असताना लेक नेत नाहीत. शिवाय मांडवाला कुऱ्हाड लावत नाहीत, ते तर फारच वाईट. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून मामांना कुणी सांगितलं नाही. आणि मामांनी आयुष्य काढलं ते कोकणात, जिथे अंगणातला मांडव दिवाळीनंतर घालतात तो थेट पावसाळा तोंडावर आल्यावरच काढतात. स्वतःचं घर नाही, संसार नाही, घरादाराच्या जेवढ्या रीती त्यांना माहीत होत्या तेवढ्या लोकांच्या अंगणात पाहिलेल्या. त्यांनी हिशेब केला होता तो मृगापर्यंतच्या वाऱ्यांचा.

सकाळी गावची पोरं मांडव उतरवायला आली. डहाळ्या निघाल्या, आणि खालून सगळं लोखंड उघडं पडलं. पोरांनी बल्ली हलवून पाहिली. मग चौघांनी मिळून हलवली. मग आठ जणांनी दोर बांधून ओढली. मग डोमाभाऊने बैलजोडी आणून जुंपली. बैलांनी जोर केला, दोर कडाडला आणि तुटला, ओढणारे सगळे एकमेकांच्या अंगावर. कुणी म्हणालं, जंगलखात्याचा हत्ती आणा. आणि मामा? मामा एका बाजूला उभे राहून हे सगळं पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, देवा, अभिमान होता! "बघितलंत," ते मला कोपर मारून म्हणाले, "इंचभर हलला नाही." मला त्या क्षणी हसूही येत होतं आणि त्यांना दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी म्हटलं, मामा, तो हलायला हवाय. ते म्हणाले, "कशाला? राहू दे की. सावली होईल, धान्य वाळत घालता येईल. जावईबापू, माझं काम आजवर एकही उतरलेलं नाही."

पारबताचा सासरा बाजेवर बसून चिलीम ओढत होता. माणूस वाईट नव्हता, पण रीतीचा कडक. त्याने उन्हाकडे पाहिलं, रेंगीला बांधलेल्या आपल्या बैलांकडे पाहिलं आणि डोमाभाऊला सांगून टाकलं, "ईवाई, दिवस बुडाच्या आत निंघा लागते. मांडो उभा ठेवून मी लेक नेत नाई. उतरत नसन तं राहू द्या तिले. आता पुढं दिवस चांगले नाईत, पोळा झाल्यावर पाहू." म्हणजे चार महिने. नवी नवरी पाचव्या दिवशी बापाच्या घरी राहिली, तर पोळ्यापर्यंत दोन्ही गावांत काय काय बोललं जाईल हे सगळ्यांना कळत होतं. पारबताची माय दारात मटकन खाली बसली. डोमाभाऊ मामांपुढे आला. तो चिडला नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "मामाजी, मांडो पडला नाई पायजे हे खरं. पन उतराले तं पायजे ना जी. पडनं येगळं अन् उतरनं येगळं." मामांचा हात बल्लीवर होता आणि तो त्यांनी काढला नाही.

मग पारबता बाहेर आली. हिरव्या लुगड्यात, कपाळावर मळवट. मला वाटलं आता ही रडेल. ती मामांजवळ येऊन उभी राहिली, सवयीने एक डोळा मिटून तिने बल्ली सरळ आहे का पाहिलं आणि म्हणाली, "मामाजी, तुमचा मांडो लय मजबूत झाला. साऱ्या गावानं पाह्यला. आता मले जाऊ द्या."

मामांचा हात बल्लीवरून खाली आला. त्यांनी तिच्या डोक्यावर तो ठेवला की नुसता तसा गेला, मला नीट सांगता येणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, पाना आणा." मी पळालो. मागून त्यांची हाक आली, "पाना नको. पान्याने माझे नट निघत नाहीत. छिन्नी आणा." छिन्नी लोखंडाला लागते, मांडवाला नाही, तेव्हा त्यात काही वाईट नाही, असा निवाडाही त्यांनीच दिला आणि पारबताच्या सासऱ्याने चिलीम खाली ठेवून मान डोलावली.

भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, मामा वर चढले. कुठला बोल्ट कुठे आहे हे डांबराखालीसुद्धा त्यांनाच ठाऊक. स्वतःच ठोकून चपटं केलेलं एकेक टोक ते छिन्नीने उडवत होते, आणि खाली आम्ही सगळे बल्ल्या धरून. तुटलेला प्रत्येक बोल्ट ते बंडीच्या खिशात टाकत, पोरांच्या पायात जाऊ नये म्हणून. खिसे इतके जड झाले की बंडी खाली ओघळायला लागली. दोनदा छिन्नी हातावर बसली. मी म्हटलं मी चढतो, तर वरून एवढंच आलं, "तुम्हाला नाही जमायचं. ते पक्कं काम आहे." बायांनी ओट्यावर बसून मांडवाची गाणी धरली. साहेबांना कुणी तरी कळवलं असावं, ते सायकलवरून आले, मद्रासी लुंगी, डोक्यावर टॉवेल, आणि तेही एका बल्लीला लागले. पारबताचा सासराही शेवटी उठून आला. ऊन कलतं झालं तेव्हा आडव्या बल्ल्या खाली होत्या, उभ्या खणून काढल्या होत्या, आणि अंगणात एकटी मेढ उरली होती.

मेढ मामांनीच घट्ट पुरलेली, भोवतीचा दगड-चुना पोरांनी खणून सैल केलेला. ती काढायचा मान त्यांचाच. त्यांनी तिला मिठी मारली, पाय रोवले आणि जोर केला. काही नाही. पुन्हा केला. काही नाही. तिसऱ्यांदा सगळ्या गावाने श्वास धरला असताना मेढ भसकन निघाली आणि मामा मेढीसकट पाठीवर आडवे झाले, खिशातले सगळे बोल्ट खळाखळा अंगणभर. आधी पारबता हसली. मग डोमाभाऊ, मग सासरा, मग सगळं अंगण, आणि पोटावर मेढ घेऊन पडलेले मामा सर्वांत मोठ्याने. हसता हसता पारबताचे डोळे वाहायला लागले ते तिथून, आणि मामांचेही. रेंगी निघाली तेव्हा दिवस बुडायला हातभर होता. मामा रस्त्यापर्यंत गेले नाहीत. ते अंगणात गुडघ्यांवर बसून बोल्ट वेचत होते. मीही त्यांच्याबरोबर वेचायला बसलो. वेचता वेचता ते म्हणाले, "नीट उतरला ना हो?" मी म्हटलं, नीट उतरला मामा. "कुणाला लागलं नाही?" म्हटलं, तुमच्याच हाताला लागलंय तेवढं. तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं.

कारखाना पुरा झाल्यावर मामा कोकणात परत गेले आणि तिथेच एका बंदरावर वारले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्याकडे कुणी जुनं माणूस आलं की मी ही मांडवाची गोष्ट रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि मीही हसायचो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या थोरलीचं लग्न झालं. मांडव बल्लारपूरच्याच मांडववाल्याने घातला होता, बांबू, सुतळ्या, रंगीत कापड. चार दिवसांनी सकाळी त्याची माणसं उतरवायला आली तेव्हा मी बाहेर येऊन त्यांना म्हटलं, "राहू द्या रे आजचा दिवस. उद्या या." ती परत गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी म्हटलं, ऊन फार आहे, सावली होतेय, घाई काय आहे. मांडव उतरला की निघायचं म्हणून मुलगी सामान बांधून आत बसली होती, जावई दोनदा घड्याळ पाहून गेले होते. आमची ही दारात येऊन उभी राहिली. ती नुसतं बघत होती, आणि तिने मामांचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मांडववाल्याच्या माणसाने विचारलं, "बाबूजी, मंग काय करू जी?" मी घरातून स्टूल आणलं, त्यावर चढलो आणि पहिली सुतळी मीच सोडली.